संगणकाचे दप्तर आणि त्याची नक्कल



शाळेचे जनरल रजिस्टर तुमच्यापैकी बहुतेकांच्या परिचयाचे असेल. जाड पुठ्ठ्याची, कापडी पाठीची ती मोठी वही. तीत मुलाचे नाव, जन्मतारीख, शाळेत आल्याची तारीख, शाळा सोडल्याची तारीख. हेडमास्तर बदलतात, कौले जाऊन पत्रे येतात, पत्रे जाऊन स्लॅब पडतो. पण ती वही कपाटातून हलत नाही. चाळीस वर्षांनी एखादा गृहस्थ दाखल्यासाठी दारात उभा राहतो, तेव्हा धूळ झटकून त्याच वहीचे पान उघडावे लागते. अशी वही वाळवीने खाल्ली किंवा पुरात गेली तर काय करावयाचे, ही काळजी जुन्या मास्तरांना असे, आणि काहीजण तिची दुसरी प्रत उतरवून वेगळ्या जागी ठेवीत. वेगळ्या जागी, हे महत्त्वाचे. मूळ वही आणि नक्कल एकाच कपाटात असली, तर वाळवीला दोन्ही सारख्याच गोड.

आता त्या वहीशेजारी टेबलावर संगणक येऊन बसला आहे. माझ्या माहितीतील एका शाळेत एका पावसाळ्यात विजेचा दाब एकाएकी वाढला आणि संगणक बंद पडला. दुरुस्त करणारा यंत्र घेऊन गेला, चार दिवसांनी घेऊन आला. यंत्र सुरू झाले, पण ते दुसऱ्याच कुठल्या शाळेचे असावे असे वाटू लागले. पडद्यावर नेहमीच्या खुणा नाहीत, छपाईचे यंत्र ओळख देईना, मराठी टंक नाहीसे झालेले आणि सहा वर्षांची निकालपत्रके गेलेली. लिपिक मात्र शांत होता. त्याने खणातून पेन ड्राइव्ह काढला आणि म्हणाला, "काळजी नको सर, दर शनिवारी नक्कल घेतलीय." पुढे काय झाले ते मी शेवटी सांगणार आहे. तोवर नक्कल ठेवण्याची आणि नकलेवरून सारे पुन्हा जागेवर आणण्याची ही जी कला आहे, तिचा थोडा इतिहास पाहू.

प्रथम एक गोष्ट समजून घेतली पाहिजे. संगणकात जे असते ते एकाच जातीचे नसते. समजा, तुमची बदली झाली आणि नव्या शाळेत तुम्ही चार्ज घेतलात. आधीच्या गुरुजींनी कागदांची पेटी दिली, किल्ल्यांचा जुडगा दिला आणि ते एस.टी.त बसून निघून गेले. कागद मिळाले; पण कोणती किल्ली कोणत्या कपाटाची, आणि कोणते कपाट कोणी उघडावयाचे, हे कोण सांगणार? कागद म्हणजे संगणकातील फाइली. कोणती किल्ली कुठे लागते ती यंत्राची जुळणी, जिला आपण सेटिंग म्हणतो. आणि कोणी काय उघडावे, कोणाची मांडणी कशी, हे प्रत्येक वापरणाऱ्याचे प्रोफाइल. ह्या तिन्हींची नक्कल वेगवेगळी घ्यावी लागते. माणसे फाइलींची घेतात आणि उरलेल्या दोहोंना विसरतात. मोठमोठ्या कंपन्याही विसरतात, हे पुढे येईलच.

संगणक बाजारात आले त्या सुरुवातीच्या वर्षांत नकलेचा प्रश्न एका अर्थी आपोआप सुटलेला होता. १९५१ साली अमेरिकेत युनिव्हॅक हा संगणक आला, १९५२ साली आयबीएम कंपनीने आपले फितीचे यंत्र बाजारात आणले. हिशेब चुंबकीय फितीवर लिहिला जाई. वाण्याच्या दुकानातील रोजकीर्द आणि खतावणी आठवा. कालची खतावणी म्हणजे जुनी फीत. आजची रोजकीर्द म्हणजे दिवसभराच्या नोंदी. यंत्र जुनी फीत वाचत जाई, तीत आजच्या नोंदी मिसळी, आणि तिसऱ्या कोऱ्या फितीवर नवी खतावणी उतरवी. जुनी फीत जशीच्या तशी शिल्लक राही. नवी तुटली, तर जुनी घ्या, नोंदी घ्या, पुन्हा चालवा. ह्यातूनच तीन पिढ्यांच्या फिती जपून ठेवण्याची चाल पडली. तिला त्या लोकांनी नावही घरगुतीच दिले : आजा, बाप आणि लेक. लेक बिघडला तर बापाकडून घडवावयाचा. बापही बिघडला तर आज्याकडे जावयाचे.

मग १९५६ साली तबकडी आली. आयबीएमच्या रॅमॅक ह्या यंत्रात चोवीस इंच व्यासाच्या पन्नास तबकड्या एकावर एक बसविल्या होत्या, आणि त्यांवर पन्नास लाख अक्षरे मावत. आज मोबाइलवर काढलेल्या एका छायाचित्राला जवळजवळ तेवढी जागा लागते. तबकडीचा मोठा गुण असा की हवी ती नोंद चटकन सापडते आणि जागच्या जागी बदलता येते. पण हाच तिचा दोषही ठरला. जागच्या जागी बदलले म्हणजे जुने पुसले गेले! पाटीवरचे गणित ओल्या फडक्याने पुसावे तसे. बाप उरला नाही, आजाही उरला नाही. राहिला तो एकटा लेक. तेव्हापासून नक्कल ही मुद्दाम आठवण ठेवून घ्यावयाची गोष्ट झाली, आणि जी गोष्ट आठवण ठेवून करावयाची ती माणूस विसरतोच.

घरोघरच्या लहान संगणकांचा इतिहास फार लांबवीत नाही. १९९५ साली निघालेल्या विंडोज ९५ ह्या प्रणालीत साऱ्या जुळणीच्या नोंदी रजिस्ट्री नावाच्या एका दप्तरात गोळा केल्या होत्या. ते दप्तर मुख्यतः दोन फाइलींत असे. एक यंत्राची, दुसरी वापरणाऱ्याची. म्हणजे किल्ल्यांची यादी निराळी आणि माणसांची यादी निराळी. दप्तर बिघडले की यंत्र उभे राहात नसे, म्हणून विंडोज ९८ मध्ये यंत्र रोज नीट सुरू झाले की दप्तराची नक्कल आपोआप घेतली जाई आणि अशा पाच नकला ठेवल्या जात. २००० साली विंडोज मी ह्या आवृत्तीत 'सिस्टिम रिस्टोअर' आले. त्याने यंत्राची जुळणी मागच्या एखाद्या चांगल्या दिवसावर नेऊन ठेवता येऊ लागली. येथे पुष्कळांची फसगत झाली, अजूनही होते. हे साधन यंत्राची जुळणी मागे नेते. तुम्ही लिहिलेले पत्र, केलेली निकालपत्रके ते परत आणून देत नाही. ते त्याचे कामच नव्हे. २००७ साली ॲपल कंपनीने 'टाइम मशीन' दिले. वेगळी तबकडी जोडावयाची, आणि तासातासाची नक्कल यंत्राने स्वतः घ्यावयाची. विसराळू माणसाला हा चांगला आधार झाला.

आता मुख्य गोष्टीकडे वळतो. ती २०१७ सालची आहे.

डेन्मार्कची मर्स्क ही कंपनी जहाजांवरून कंटेनर वाहून नेते. त्या वेळी जगातील कंटेनर-वाहतुकीच्या जवळजवळ पाचव्या हिश्शाची ताकद तिच्यापाशी होती. आपल्याकडे उरण तालुक्यात, न्हावा शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरात एक धक्का ह्याच कंपनीच्या गटाकडे होता. नाशिकच्या कांद्या-द्राक्षांचे कंटेनर न्हावा शेव्यावरूनच परदेशी जातात, म्हणजे ही गोष्ट आपल्यापासून फार दूरची नव्हे.

२७ जून २०१७ रोजी दुपारी कोपनहेगनच्या मुख्य कचेरीत संगणकांचे पडदे एकामागून एक काळे पडू लागले. माणसे खोल्याखोल्यांतून धावत ओरडू लागली, यंत्रे बंद करा, तारा काढा! पण उशीर झाला होता. युक्रेनमध्ये हिशेब व करभरणीसाठी एक प्रणाली सर्रास वापरली जाई. ती पुरविणाऱ्या कंपनीच्या यंत्रात शिरून कोणी तरी तिच्या नव्या आवृत्तीबरोबर एक विध्वंसक प्रणाली सोडून दिली होती. तिला पुढे 'नॉटपेट्या' हे नाव पडले. मर्स्कच्या ओडेसा येथील कचेरीत ती हिशेबाची प्रणाली अवघ्या एका संगणकावर बसविलेली होती. एका संगणकावर! तेवढे पुरले. वरवर ती खंडणी मागे, तीनशे डॉलर भरा म्हणजे फाइली मोकळ्या करतो. पण पैसे भरूनही काही परत मिळण्याची सोय तिच्यात नव्हती. पुसून टाकणे एवढेच तिचे काम. पुढे अमेरिका आणि ब्रिटन ह्यांच्या सरकारांनी हे कृत्य रशियाच्या लष्कराचे असल्याचे जाहीर केले.

मर्स्ककडे जगभरात ७६ धक्के होते, त्यांपैकी १७ अडकले. त्यांत न्हावा शेव्याचा धक्काही होता. कोणता कंटेनर कोणाचा, तो कुठे ठेवला आहे, कोणत्या जहाजावर चढावयाचा आहे, हे सगळे संगणकाला ठाऊक, आणि संगणक मुका झालेला. क्रेन जाग्यावर, कंटेनर जाग्यावर, ड्रायव्हर फाटकापाशी. फक्त दप्तर नाही. काम हातावर आणावे लागले. जुन्या गोदीतले कारकून कागद-पेन्सिलीवर हेच करीत आले होते. पण ज्यांनी ते कधी केलेच नव्हते त्यांच्या हातून ते किती वेगाने व्हावे?

आता नकला होत्या की नव्हत्या? होत्या. इंग्लंडात लंडनच्या पश्चिमेस मेडनहेड नावाचे गाव आहे. तेथील कचेरीत कंपनीने शेकडो माणसे गोळा केली आणि शोध सुरू झाला. बऱ्याचशा सर्व्हरांच्या तीन ते सात दिवसांपूर्वीच्या नकला सापडल्या. म्हणजे कागदांची पेटी सापडली. सापडेना ती माणसांची आणि किल्ल्यांची यादी. कंपनीच्या साऱ्या जाळ्यात कोण कोण आहे, कोणाला काय उघडता येते, हे ज्या सर्व्हरांत लिहिलेले असते त्यांना डोमेन कंट्रोलर म्हणतात. मर्स्ककडे असे सुमारे दीडशे सर्व्हर जगभर पसरलेले होते. त्यांची रचना अशी की एकात बदल झाला की तो बाकीच्यांत उतरे. त्यामुळे प्रत्येक सर्व्हर दुसऱ्याची नक्कलच होता. एक गेला तर एकशे एकोणपन्नास आहेत, दहा गेले तरी एकशे चाळीस आहेत, असा तो हिशेब. सगळे एकाच वेळी जातील ही गोष्ट त्या हिशेबात धरलेली नव्हती. आणि ते एकाच वेळी गेले. ज्या जाळ्याने ते एकमेकांशी बांधलेले होते त्याच जाळ्यावरून विध्वंसही फिरला. ही यादी नसेल, तर बाकीच्या फाइली असून नसल्यासारख्या. घरात धान्य आहे, पण कोठाराला कुलूप आणि किल्ली विहिरीत, अशी गत.

जगभरच्या कचेऱ्यांना विचारपूस चालली होती. शेवटी एक सर्व्हर जिवंत सापडला. कुठे? पश्चिम आफ्रिकेत, घानामध्ये. तो का वाचला? हल्ला होण्याच्या थोडे आधी तेथील वीज गेली होती!

भारनियमनाला आपण किती शिव्या दिल्या आहेत ते तुम्हांला माहीत आहे, मलाही माहीत आहे. रात्री दोन वाजता मोटार चालू करायला उठणाऱ्या शेतकऱ्याला विजेच्या जाण्याचे कौतुक सांगण्याची माझी छाती नाही. पण त्या दिवशी घानात वीज गेली म्हणून तो सर्व्हर जाळ्यातून सुटलेला होता, आणि सुटलेला होता म्हणूनच त्यातली यादी शाबूत होती. ज्याला कोणी नक्कल म्हणून ठेवले नव्हते तेच नक्कल म्हणून उपयोगी पडले.

मात्र ती यादी इंग्लंडात न्यावयाची कशी? माहिती कित्येकशे गिगाबाइट, आणि घानातील तार इतकी बारीक की पाठवायला दिवसेंदिवस लागतील. मग माणसाच्या हाती तबकडी देऊन विमानाने पाठवू म्हटले, तर घानातील कचेरीत एकापाशीही ब्रिटनचा व्हिसा नाही. शेवटी असे ठरले : घानाच्या माणसाने तबकडी घेऊन नायजेरियाला जावयाचे, तेथे विमानतळावर कंपनीच्या दुसऱ्या माणसाच्या हाती ती द्यावयाची, आणि त्याने लंडनला जाणारे विमान पकडावयाचे. पूर्वी टपालाचे हरकारे ठरल्या मुक्कामावर थैली पुढच्याच्या हाती देत, त्यातलाच हा प्रकार. साडेसहा तासांच्या विमानप्रवासानंतर तबकडी लंडनला उतरली आणि मेडनहेडला पोचली. तेव्हा कुठे कंपनीच्या जाळ्याची उभारणी सुरू होऊ शकली. हा सारा वृत्तांत अँडी ग्रीनबर्ग ह्या अमेरिकन पत्रकाराने २०१८ साली तपशीलवार लिहून ठेवला आहे.

कंपनीचे अध्यक्ष जिम हागेमान स्नाबे ह्यांनी जानेवारी २०१८ मध्ये दाव्होसच्या परिषदेत आकडे जाहीर केले. चार हजार सर्व्हर, पंचेचाळीस हजार संगणक आणि अडीच हजार प्रणाली दहा दिवसांत नव्याने बसवाव्या लागल्या. नुकसानीचा अंदाज पंचवीस ते तीस कोटी डॉलरचा होता. त्या दिवसांत कंपनीची माणसे आपापल्या खासगी मोबाइलवरून, व्हॉट्सॲपवरून माल नोंदवून घेत होती आणि जहाजे चालतच होती. माझ्या मते ह्या साऱ्या प्रकरणात खरी शाबासकी त्या माणसांची आहे. कंपनीचा पूर्वविचार मात्र उणाच होता.

ह्यात एक बारकावा आहे. मर्स्कच्या दीडशे प्रती होत्या. पण त्या एकमेकींना जोडलेल्या होत्या. जोडलेली प्रत मुळाबरोबर सुधारते तशी मुळाबरोबर बिघडतेही. असाच अनुभव त्याआधी २०११ साली गूगलच्या जीमेललाही आला होता. फेब्रुवारीच्या अखेरीस प्रणालीतील एका दोषामुळे काही जणांच्या टपालपेट्या एकदम रिकाम्या दिसू लागल्या. असे लोक शंभरात अगदीच थोडे, ०.०२ इतके, पण ज्याची पेटी रिकामी झाली त्याला टक्केवारीशी काय करावयाचे? त्या पत्रांच्या प्रती गूगलने वेगवेगळ्या ठिकाणच्या सर्व्हरांत ठेवल्या होत्या, आणि दोष त्या प्रतींतही उतरला होता. पत्रे परत आली ती फितींवरून. होय, त्याच चुंबकीय फिती! त्या जाळ्याला जोडलेल्या नव्हत्या, कपाटात स्वस्थ पडून होत्या, म्हणून दोष त्यांच्यापर्यंत पोचला नाही.

आणि नक्कलच नसली म्हणजे काय होते, तेही अलीकडेच दिसले. २६ सप्टेंबर २०२५ रोजी दक्षिण कोरियात देजॉन शहरातील सरकारी माहिती केंद्रात बॅटऱ्यांनी पेट घेतला. तेथे साडेसात लाख सरकारी नोकरांसाठी ठेवलेले एक सामाईक कोठार होते. कामाचे कागद टेबलावरच्या यंत्रात न ठेवता तेथेच ठेवा, अशी सरकारची सूचना होती. ८५८ टेराबाइट माहिती जळाली. तिची नक्कल बाहेर कुठेही नव्हती, कारण सांगण्यात आले ते असे की माहिती फार मोठी होती. रीतसर मंजूर झालेले कागद दुसऱ्या यंत्रणेतही नोंदले जात, ते पुष्कळसे मिळण्याजोगे होते. टिपणे, मसुदे, चालू काम हे मात्र गेले.

शिक्षकबंधुभगिनींना एक गोष्ट विशेष सांगावयाची आहे. नक्कल घेतली ह्याचा अर्थ नक्कल आहे असा होत नाही. १९९८ साली पिक्सार ह्या चित्रपट-कंपनीत 'टॉय स्टोरी २' ह्या चित्रपटाचे काम चालू असता कोणाकडून तरी पुसण्याची आज्ञा भलत्याच जागी दिली गेली आणि चित्रपटाचा बहुतेक भाग डोळ्यांदेखत नाहीसा झाला. नकला रोज घेतल्या जात होत्या. उघडून पाहिल्या, तर त्या धड नव्हत्या. गॅलिन सुस्मन ह्या तंत्रज्ञ बाई त्या सुमारास बाळंतपणामुळे घरून काम करीत होत्या, त्यांच्या घरच्या यंत्रात एक प्रत होती. ते यंत्र ब्लँकेटांत गुंडाळून, मोटारीत पट्ट्याने बांधून, तान्ह्या मुलासारखे जपत कचेरीत आणले. म्हणून म्हणतो, महिन्यातून एकदा तरी आपली नक्कल दुसऱ्याच संगणकावर नेऊन उघडून पाहावी. त्याच संगणकावर नव्हे, दुसऱ्या. निकालपत्रक उघडते का, अक्षरे वाचता येतात का, छापता येते का. अर्ध्या तासाचे काम आहे. ते झाले की पेन ड्राइव्ह यंत्रातून काढून दुसऱ्या इमारतीत किंवा घरी ठेवावा. आणि कोणता टंक लागतो, कोणते छपाईयंत्र, कोणाचे खाते कोणत्या नावाने आहे, हे साध्या वहीत एका पानावर लिहून ठेवावे. गुप्त शब्द मात्र त्या पानावर लिहू नयेत. ते हेडमास्तरांनी लिफाफ्यात घालून कपाटात बंद करावेत.

आता आमच्या त्या शाळेकडे येतो. लिपिकाने पेन ड्राइव्ह लावला. सगळी नावे दिसत होती, 'सातवी निकाल', 'शिष्यवृत्ती यादी', 'दाखले'. पण दाबले की काहीच उघडेना. तो बिचारा दर शनिवारी पडद्यावरची खूण तेवढी उचलून ठेवीत होता. खरी फाइल यंत्राच्या पोटात होती आणि तिथेच पुसली गेली. म्हणजे पेटीऐवजी पेटीच्या पत्त्याची चिठ्ठी जपली होती. दोन वर्षे, एकही शनिवार न चुकवता.

मग कागदी निकालपत्रके काढली. तीन वर्षांची मिळाली. शिक्षक शाळा सुटल्यावर बसून ती टंकित करू लागले, एकजण वाचतो आहे, एकजण बडवतो आहे. उरलेली तीन वर्षे कशी मिळाली तेही सांगतो. निवृत्त झालेल्या एका बाईंना फोन केला, तर त्या म्हणाल्या, "अहो, मी तेव्हा घरी काम करायला म्हणून स्वतःलाच मेल केली होती, बघते." फाइल आली. उघडली, तर सगळी इंग्रजी अक्षरे आणि चिन्हे, कशाचा कशाला मेळ नाही. ती जुन्या पद्धतीच्या मराठी टंकात लिहिलेली होती, आणि तो टंक यंत्राच्या जुळणीबरोबरच गेलेला होता. फाइल हातात आहे आणि वाचता येत नाही! दोन दिवस शोध घेतल्यावर तहसील कचेरीबाहेर अर्ज टंकून देणाऱ्या एकाच्या जुन्या संगणकात तो टंक निघाला. तो आणून बसविला, आणि त्या अक्षरांच्या गोंधळातून एकदम पहिली ओळ वाचता आली : इयत्ता सातवी, तुकडी ब.